बोटीवर जाणाऱ्या मुलांना शाळा काय देते?

दहावीचा निकाल लागला की पुढचे आठ दिवस आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर गर्दी असते. कुणाला बोनाफाईड हवं असतं, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. अलीकडे या गर्दीत दोन-चार मुलं अशी असतात, जी कागद हातात पडल्यावरही जात नाहीत. जरा रेंगाळतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "टीचर, शिप पे जाना है. क्या करना पड़ता है?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शाळा मुंब्र्याला, घर कल्याणला. लोकलने येता-जाताना कोपर ओलांडलं की खाडी दिसू लागते. रोज ती बघत असूनही या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला मला फार वर्षं लागली. त्या दरम्यान निदान एका मुलाचं नुकसान झालं आणि त्यात माझा हात होता. म्हणून हे लिहिते आहे.

खरं तर उत्तर माझ्या घरातच असायला हवं होतं. आमचं गाव बाणकोट खाडीकाठचं. तिथल्या मुसलमान घरांतला कर्ता पुरुष एक तर बोटीवर गेलेला असायचा, नाहीतर बोटीवरून आलेला. आजोबा सारंग होते. अब्बा खलाशी म्हणून लागले आणि टंडेल होऊन परतले. त्यांची 'नली' अजून आमच्या कपाटात आहे. नली म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, आजच्या भाषेत सीडीसी. पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत, म्हणून नली, असं अब्बा सांगायचे. आत प्रत्येक जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि वर्तणुकीचा शिक्का. ईदच्या दिवशी अब्बा घरी होते की नाही हे मला आजही त्या वहीवरून सांगता येतं. बहुतेक वेळा नव्हते.

अब्बा बोटीवर कसे लागले? गावच्या जमातीची डोंगरीत एक खोली होती. गावातला पोरगा मुंबईत आला की तिथे पथारी टाकायचा. चुलत्याने त्यांना नोंदणी कार्यालयात नेऊन उभं केलं, नाव रोस्टरवर चढलं, पाळी यायला दहा महिने लागले. तेवढा काळ खोलीतल्या मोठ्या माणसांनी त्यांना दोऱ्यांच्या गाठी, रंगकाम आणि मुख्य म्हणजे कुणासमोर गप्प बसायचं ते शिकवलं. तेच त्यांचं प्रशिक्षण केंद्र. 'हबेस' म्हटलं की खेचायचं, 'आर्या' म्हटलं की सैल सोडायचं. हे शब्द ते आम्हाला विहिरीवर पाणी काढतानाही ऐकवत.

ती साखळी तुटली. पुढची पिढी आखातात गेली. गावातली घरं मुंबईत, आणि ९२-९३ नंतर मुंबईतली बरीच घरं मुंब्रा-कौशाला आली. आज माझ्या वर्गात कोकणातली मुलं थोडी. मराठवाड्यातली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत, भिवंडीच्या मागावरून आलेल्या घरांतली आहेत. जहाजावर गेलेला चुलता त्यांना नाही, डोंगरीची खोली नाही. आहे फक्त मोबाइलवर दिसणारा पांढऱ्या गणवेशातला कुणीतरी, जहाजाच्या कठड्याला टेकलेला. चुलत्याच्या रिकाम्या जागेवर एजंट येऊन बसला आहे.

आता माझी गोष्ट. सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेत 'करिअर मार्गदर्शन' ठेवलं होतं. वक्ते म्हणून एक गृहस्थ आले. नवी मुंबईत काचेचं ऑफिस, गाडी, बोलणं गोड, नमाजाची वेळ झाली तर पहिल्या सफमध्ये. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी त्यांची ओळख चांगली रंगवून करून दिली. ते म्हणाले, दहावी झालेल्या मुलाला डॉलरमध्ये पगार आहे, फक्त हिंमत हवी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या वर्षी दहावी झालेला एक मुलगा त्यांच्या ऑफिसात गेला. इंग्रजीत त्याला ३७ गुण. वय सोळा. त्याला सांगण्यात आलं की इंग्रजीची अट फक्त सरकारी कोर्सला असते, आपल्याकडे चालतं. टप्प्याटप्प्याने ३ लाख ८० हजार गेले. आईच्या बांगड्या, मामाचं कर्ज, रिक्षा विकून आलेले पैसे. कोविड आला, तारखा पुढे गेल्या, पैसे आधीच दिलेले होते. शेवटी त्याच्या हातात आलं काय, तर चार-पाच छोट्या कोर्सेसची सर्टिफिकेटं, भलत्याच कुठल्या तरी देशाच्या नावाची सीडीसी आणि दुबईचा टुरिस्ट व्हिसा. दुबईहून त्याला इराणच्या एका बंदरात नेऊन जुनाट मालवाहू बोटीवर चढवलं. सात महिने तो तिथे होता. पगार मिळाला दोन महिन्यांचा, तोही अर्धा. बोट बंदरातच उभी, डिझेल संपलेलं, मालक फोन उचलेना. वकिलातीकडे अर्ज करून, लोकांकडून वर्गणी गोळा करून तो परत आला.

त्याची आई शाळेत आली होती. भांडायला नव्हे. तिने एवढंच विचारलं, "टीचर, तो माणूस तुमच्या शाळेत आला होता ना?"

त्यानंतर मी हा विषय शिकायला बसले. बीएडला आम्हाला पाठाची टाचणं काढायला लावत, तशीच वही केली. जे समजलं ते इथे मांडते, कारण मला खात्री आहे की माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना हे माहीत नाही.

भारतात व्यापारी जहाजावर अगदी खालच्या पायरीवर लागायचा सरळ रस्ता म्हणजे जीपी रेटिंगचा कोर्स. जीपी म्हणजे जनरल पर्पज. डेकवरचं कामही शिकवतात आणि इंजिन रूमचंही. मुदत सहा महिने, राहणं तिथेच. नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे डीजी शिपिंगची, मान्यता असलेल्या संस्थेतच तो करायचा. दहावी पास, विज्ञान-गणित घेऊन, एकूण ४० टक्के. इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ४० टक्के. वय साडेसतरा ते पंचवीस. नजर चांगली हवी, रंगांधळेपणा चालत नाही, कारण रात्री समोरच्या जहाजाचा दिवा लाल की हिरवा यावर जीव अवलंबून असतो. कोर्सनंतर परीक्षा, मग शिपिंग मास्टरच्या कार्यालयाकडून सीडीसी. पहिल्या जहाजावर ट्रेनी, पुढे ओएस, मग एबी, आणि नशिबात व हातात असेल तर बोसन, म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातला सारंग. फी संस्थेनुसार बदलते. मी चौकशी केली तेव्हा दोन-अडीच लाखांच्या आसपास सांगत होते.

आग विझवणं, प्रथमोपचार, पाण्यात जीव वाचवणं असे छोटे कोर्स खरे असतात आणि गरजेचेही असतात. पण तेवढ्या शिदोरीवर कुणी डेक रेटिंग होत नाही. एजंट नेमके तेच विकतो.

दुसरी गोष्ट. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीला आरपीएसएल नावाचा परवाना लागतो आणि ती नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ शकत नाही. एक रुपयासुद्धा नाही. हा नियम नवा नाही. १९२० साली जिनोआत भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशांना काम मिळवून देणं हा नफ्याचा धंदा असू नये असा ठराव केला. तेव्हा आपल्याकडे 'घाट सारंग' नावाचे दलाल होते. खलाशाला उधार पैसे द्यायचे, नोकरी लावायची आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या पगारातून वसूल करत राहायचं. पुढे २००६ चा सागरी श्रम करार झाला, भारताने त्यावर २०१५ मध्ये मोहोर उठवली. शंभर वर्षं झाली, घाट सारंगाने फक्त टाय लावली आहे.

मान्यताप्राप्त संस्थांची आणि परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. दहा मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी मी सूत्रसंचालनाचे कागद रंगवण्याऐवजी ही दहा मिनिटं खर्च केली असती, तर त्या गृहस्थाच्या कंपनीचं नाव कुठल्याच यादीत नाही हे मला कळलं असतं.

आता माझं म्हणणं. फसवणूक म्हटलं की आपण पोलीस, कायदा, लोभी पालक असं बोलू लागतो. ते सगळं आहेच. पण ही मुलं नेमकी कुठे निसटतात ते बघा. दहावी होते सोळाव्या वर्षी. कोर्सला प्रवेश साडेसतराला. मधलं दीड वर्ष मुलगा कुणाचाच नसतो. शाळा संपलेली, कॉलेजात नाव घातलं तर घातलं, घरात कमाईची घाई. त्या दीड वर्षात जो माणूस म्हणतो, 'थांबायची गरज नाही', तो देवदूत वाटतो. कुणाला इंग्रजीत ३५ ते ३९ असतील तर आणखीच. बोर्ड म्हणतं, तू पास. समुद्र म्हणतो, चाळीस आण. या पाच गुणांची किंमत काही घरांनी लाखांत मोजली आहे, आणि ते पाच गुण द्यायचं काम आमचं होतं.

माझ्या सहकाऱ्यांना हे आवडत नाही. ते म्हणतात, शाळेचं काम निकाल लावणं. पस्तीसला आणून सोडलं की आपण सुटलो. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. 'पासिंगपुरतं करा' हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल! मराठीच्या तासालाही उच्चारलं आहे.

आणि जहाजाचं इंग्रजी फार मोठं नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावर बोलायच्या ठरावीक वाक्यांचा एक संच मान्य केला. सुकाणूवर उभ्या मुलाला अधिकारी सांगतो, 'पोर्ट टेन'. मुलगा तेच शब्द मोठ्याने उच्चारतो, चाक फिरवतो आणि झालं की पुन्हा सांगतो. 'मिडशिप्स', 'स्टेडी'. ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणायचं, आपली भर घालायची नाही. आमच्या मुलांना पाठांतराची सवय मकतबपासून असते. त्यांना निबंधापेक्षा हे लवकर जमेल. शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक तास घेते. त्यात इंग्रजीचे सर अर्धा तास बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेला देतात, अर्धा तास मी या वाक्यांना देते. मला इंग्रजी शिकवायचा अधिकार नाही, हे मुख्याध्यापकांनी एकदा हसत हसत सांगून झालं आहे.

त्या तासाला मी मुलांना एक गंमत सांगते. अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. नाखुदा, टंडेल, सरहंग, सुक्कानगीर. त्यात एक आहे मुअल्लिम. तारे आणि पाण्याची खोली ओळखून जहाजाला वाट दाखवणारा. आपल्या उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. मुलं खूश होतात. मला मात्र ते सांगताना तो कार्यक्रम आठवतो.

आणखी एक. १८११ साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या इंग्रजाने जहाजावरच्या हिंदुस्तानी शब्दांचा कोश छापला, कारण लष्करी खलाशांशी बोलायचं तर गोऱ्या अधिकाऱ्याला त्यांची बोली यायला हवी होती. म्हणजे एके काळी साहेब आमची भाषा शिकत होता. आज मुंब्र्याच्या मुलाला त्याच्या भाषेतले चाळीस गुण हवे आहेत. तक्रार नाही, वेळ बदलली. पण 'आपली मुलं भाषेत कच्ची' असं कुणी म्हणालं की मला तो कोश आठवतो.

कोर्स करूनही सगळं सुरळीत होतं असं नाही. खरी जीवघेणी वाट त्यानंतरची. माझा दुसरा एक विद्यार्थी, डोंबिवलीकडचा, सगळं नियमाने करून बाहेर पडला. बारावीला इंग्रजीत ४६, मान्यताप्राप्त संस्था, परीक्षा पास, सीडीसी हातात. पहिल्या जहाजासाठी तो चौदा महिने थांबला. रोज कुठल्या तरी कंपनीच्या दारात. सगळीकडे एकच उत्तर: अनुभव आहे का? अनुभव कुठून आणायचा? याच काळात त्यालाही फोन आले, 'दीड लाख दे, पुढच्या महिन्यात चढवतो.' त्याचे वडील ठाण्यात फळांची गाडी लावतात. त्यांनी मला विचारलं, "द्यायचे का?" मी नको म्हटलं, आणि पुढचे पाच महिने मला झोप नीट लागली नाही. आपण नको म्हटलं आणि पोराला जहाजच मिळालं नाही तर? मिळालं, शेवटी. आता तो ओएस आहे. पहिल्या पगारात त्याने मला रोटरडॅमहून चॉकलेट आणलं, ते लोकलच्या गर्दीत वितळलं.

म्हणून माझी सरकारकडे मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक संस्थेने मागच्या पाच तुकड्यांतली किती मुलं किती महिन्यांत पहिल्या जहाजावर चढली, याचा फलक दाराबाहेर लावावा. फीच्या आकड्याशेजारी, त्याच अक्षरात. जी मुलं जहाजावर चढवू शकत नाही, तिला नव्या मुलांची फी घ्यायचा काय हक्क? आणि डीजी शिपिंगने एक पान, फक्त एक पान, मराठीत आणि उर्दूत काढावं: पात्रता काय, यादी कुठे बघायची, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. ते जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागलं पाहिजे. आपल्याकडे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. आमच्या गल्लीत त्याचं नाव बांगड्या गहाण ठेवणाऱ्या सराफाइतकं माहीत असतं तर बरं झालं असतं.

समाजाशीही थोडं बोलायचं आहे. आपण फसतो तेव्हा बहुतेकदा 'आपल्या माणसा'कडून फसतो. बँकेच्या साहेबाला आपण दहा प्रश्न विचारतो, आपल्यातल्या माणसाला विचारायची लाज वाटते. परवाना दाखवा म्हटलं तर तो रागावेल, लोक काय म्हणतील. मुलाला समुद्रावर पाठवताना कसली भीड? ज्याच्याकडे परवाना आहे तो आनंदाने दाखवतो.

काही जण म्हणतील, मग पाठवताच कशाला? जग काही शांत नाही. लाल समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं पडली. बाल्टिमोरचा पूल २०२४ साली ज्या जहाजाच्या धडकेने पडला, त्या 'दाली'वरचे एकवीसपैकी वीस जण भारतीय होते. त्यांना किती तरी आठवडे जहाजावरून उतरता आलं नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये मालकांनी ३१२ जहाजं वाऱ्यावर सोडली, ३,१३३ खलाशी अडकले, त्यांत सर्वांत जास्त, ८९९, भारतीय. हे मी मुलांपासून लपवत नाही. शनिवारच्या पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते.

तरीही मी नको म्हणत नाही. या मुलांसमोर दुसरं काय आहे तेही मला दिसतं. शिळफाट्यावर डिलिव्हरीची गाडी, गोदामातली बारा तासांची हमाली, नाहीतर एसीची दुरुस्ती. एबीसाठी २०२५ साली किमान मूळ वेतन महिन्याला ६७३ डॉलर होतं, ओव्हरटाइम वेगळा. आणि एक गोष्ट मुलं स्वतःच सांगतात, ती ऐकून मला वाईट वाटतं पण खोटी म्हणवत नाही. ती म्हणतात, टीचर, इकडे इंटरव्ह्यूला नाव आणि पत्ता बघतात, तिकडे सीडीसी बघतात.

शिवाय समुद्र आपला परका नव्हे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधली गेली. पुढे त्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता. आज दुर्गाडीच्या पायथ्याशी उभं राहिलं तर पाण्याला वास येतो आणि रस्त्यावर गाड्यांची रांग असते. त्याच पाण्यावर राष्ट्रीय जलमार्ग ५३ आखलेला आहे, डोंबिवली-कोलशेतच्या जेट्टींची चर्चा चालते, वसई-भाईंदर रोरो २०२४ पासून धावते. उत्तरेला पालघरात वाढवण बंदराला त्याच वर्षी केंद्राने मंजुरी दिली, ७६,२०० कोटींचं काम. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्यांची जाळी जाणार, त्यांनाच आधी विचारायला हवं होतं. पण बंदर होणारच असेल तर तिथल्या दोऱ्या ओढणार कोण? डहाणूचा कोळी, तारापूरचा मुसलमान, कल्याणचा आगरी मुलगा की पुन्हा बाहेरून आणलेले मजूर? कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावूतमध्ये, इनुइट तरुणांना मच्छीमार बोटींवर आणि जहाजांवर काम करता यावं म्हणून खास संस्था आहे, कारण त्यांच्या किनाऱ्यावरची कामं बाहेरच्यांच्या हाती जात होती. उत्तर कोकणातल्या मुलांसाठी तसं काही करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. खाडीतली फेरी आणि परदेशी जहाज यांचे परवाने वेगळे, हे खरं. पण दोरी तीच, गाठ तीच.

यंदा शाळेत पुन्हा मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. वक्ता मी ठरवला. इराणहून परतलेला माझा तोच विद्यार्थी. तो यायला तयार नव्हता. दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, "भाषण नहीं करूंगा, बस बताऊंगा." हेल्मेट हातात घेऊनच आला. मोबाइलमधला एक फोटो प्रोजेक्टरवर लावला: गंजलेली बोट, कठड्यावर वाळत घातलेले कपडे. सात महिन्यांचा हिशेब त्याने सात मिनिटांत सांगितला. कुणीतरी मागून विचारलं, "भाई, खाते क्या थे?" तो म्हणाला, "चावल. मछली पकड़ते थे. रमजान में खजूर कोई देके गया था." आठवीतल्या एका मुलीने विचारलं, मुलींना घेतात का. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, घेतात, नियमात मुलींना बंदी नाही. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मुलं गेल्यावर तो खुर्च्या उचलायला थांबला. मला वाटलं पेट्रोलचे पैसे द्यावेत का, पण तो रागावला असता. शेवटची खुर्ची भिंतीला लावून तो म्हणाला, "टीचर, पच्चीस तक चलता है ना?"

मार्चमध्ये त्याला चोवीस पूर्ण होतील. इंग्रजीत दहावीचे ३७ आहेत, बारावी दिलेलीच नाही. आम्ही दोघं ऑफिसात बसलो आणि बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शोधू लागलो.